बिडकीनच्या काट्यावर नाव

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालेल्या यात्रेकरूच्या स्मरणात बिडकीन सहसा राहत नाही. चितेगाव मागे पडते, बिडकीनला चहा होतो, आणि ढोरकीन ओलांडण्याआधीच मन नाथांच्या समाधीकडे, मुनिसुव्रतनाथांच्या मंदिराकडे किंवा जायकवाडीच्या भिंतीकडे धावू लागते. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतील वसाहतीमुळे आता या गावाचे नाव वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर दिसू लागले आहे. तरीही रस्त्यावरचे बिडकीन अजून बदललेले नाही : उसाचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या, बियाण्यांची दुकाने आणि गोदामे.

अशाच एका गोदामात कापडाच्या गाठींच्या शेजारी फायबरची एक छोटी नाव ठेवलेली आहे. शहरातील एका व्यापारी कुटुंबातील पुतण्याने चार मित्रांसह ती जुनी विकत घेतली. सोबत पाण्यावर उभे राहून वल्हवण्याच्या दोन फळ्या, प्रत्येकी साडेदहा फूट लांब. नाथसागर येथून हाकेच्या अंतरावर आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालेले हे धरण. परंतु १९८६ पासून तो जलाशय पक्षी अभयारण्य आहे. तेथे परवानगीशिवाय नाव घालता येत नाही, आणि रोहित पक्ष्यांचे थवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा नियम जाचक वाटणार नाही. म्हणून ही मंडळी वर्षातून एकदा नाव गाडीमागे जोडून थेट मालवणजवळच्या तारकर्लीला जातात.

पहिल्या फेरीच्या परतीला, शेवगाव-पैठणमार्गे येताना, ढोरकीनच्या अलीकडे तो प्रसंग घडला. दोन्ही फळ्या नावेच्या माथ्यावर आडव्या टाकून सुताच्या दोरीने बांधल्या होत्या. नांगर, पेट्रोलचा डबा, ओले कपडे असे सगळे जड सामान मागे, इंजिनाजवळ कोंबलेले. वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागे. एका खड्ड्यात तो आपटला, फळीचे पुढचे टोक वाऱ्याने उचलले, दोरी घसरली आणि फळी रस्त्यावर आली. मागून दुचाकीवर एक जोडपे येत होते, पुढे टाकीवर लहान मूल. त्या माणसाने गाडी शेतात घातली म्हणून तिघेही वाचले. मुलाच्या गुडघ्याला खरचटले. पुतण्याने उतरून हात जोडले. तो माणूस मात्र काहीच बोलला नाही. मूल उचलून कडेवर घेऊन तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

गोदामात थोरले काका वाट पाहत होते. पन्नास वर्षे त्यांनी कापडाच्या गाठी ट्रकमध्ये भरून घेतल्या आहेत. समुद्रावर ते कधी गेलेले नाहीत.

"काका, दोरी सैल राहिली," पुतण्या म्हणाला.

"दोरीचं नंतर बघू. आधी काट्यावर घे."

गाठी तोलण्याच्या काट्यावर ट्रेलरचा पुढचा दांडा टेकवला गेला. नावेसह ट्रेलरचे वजन सुमारे ४८० किलो. दांड्यावर उतरलेले वजन अवघे नऊ किलो. नावेच्या ट्रेलरसाठी जाणकारांचे प्रमाण असे की एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के भार जोडणीवर यावा. म्हणजे येथे किमान २४ किलो हवे होते. मागे जड झालेला ट्रेलर डोलतो, हे ज्याने बैलगाडी उलार झालेली पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. काकांनी नांगर आणि डबा पुढे सरकवायला सांगितले. काटा ३१ वर स्थिरावला.

फळ्यांसाठी काकांनी जागाच बदलली. वाऱ्यात माथ्यावर काही ठेवायचे नाही. खालचे पर काढून, दोन फळ्यांच्या मध्ये जुनी गोधडी घालून त्या नावेच्या तळाशी निजवायच्या आणि वरून ताडपत्री घट्ट ओढायची. बांधायला रुंद पट्टा घ्यायचा, पण खटक्याने आवळणारा नको; त्याची ओढ इतकी जबर असते की फायबरची फळी तडकते. हाताने ओढून बकलात अडकवायचा पट्टा पुरतो. पन्नास किलोमीटरवर थांबून एकदा हात लावून पाहायचे.

कायद्याची बाजूही व्यापाऱ्याने विसरू नये. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते, आणि त्याच्या पाठीवर ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक दिसावा लागतो. माल चौकटीबाहेर डोकावत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये आहे. एका फळीची किंमतही कित्येकदा तेवढी नसते.

गोदामातील ठेवणही आता ठरली आहे. बिडकीनच्या पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत जो उकाडा साठतो, त्यात हवा भरलेली फळी ठेवणे धोक्याचे. पंचवीस अंशांवर पंधरा पौंड दाबाने भरलेली हवा साठ अंशांवर साडेअठरा पौंडांच्या आसपास जाते आणि सांधे उसवू लागतात. पुढे घेतलेली तशी एक फळी म्हणून हवा सोडून, गुंडाळून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा उंच फडताळावर असते. कठीण फळ्या भिंतीला टेकवून नव्हे, गादी लावलेल्या आडव्या खुंट्यांवर. खाऱ्या पाण्यातून आलेले सर्व काही, ट्रेलरच्या चाकांसकट, गोड्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवले जाते. नावेच्या तळाचे बूच काढून पाणी निथळू दिले जाते. ओल्या नावेबरोबर एका पाण्यातील शेवाळ आणि सूक्ष्म जीव दुसऱ्या पाण्यात जातात, आणि जलपर्णी कशी पसरते हे महाराष्ट्रातील नद्यांनी पुरेसे पाहिले आहे.

राज्यातील अनेक जलाशयांवर मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातांनी वल्हवतात. संध्याकाळी तो तराफा सायकलीच्या मागे आडवा न बांधता उभा बांधून नेतात. इतक्या वर्षांत ही युक्ती त्यांना कोणी शिकवली, हे कोणी विचारलेले नाही.

मागच्या हिवाळ्यात नाव पुन्हा तारकर्लीला निघाली. दांड्याचे वजन काट्यावर तोलून काकांनी खडूने दारावर आकडा लिहिला : ३३. ढोरकीनजवळ त्या वळणावर पुतण्याने गाडी बाजूला घेतली, पट्टे तपासले, आणि मागून येणारी एक दुचाकी पुढे जाईपर्यंत तो तेथेच थांबला.