सवड आणि स्वाध्याय

‘वेळ मिळत नाही’ हे आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांतील सर्वमान्य उत्तर आहे. शास्त्रवाचनाविषयी कोणी पृच्छा केली, की कारकून कचेरीकडे, व्यापारी पेढीकडे आणि आम्ही अध्यापक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून मोकळे होतो. उद्योग हे तराजूचे एक पारडे, उपासना हे दुसरे. एकातले काढल्यावाचून दुसऱ्यात काही पडावयाचे नाही, अशी आपली समजूत असते. मला ही उपमाच सदोष वाटते.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र पाहावे. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली व स्त्रिया होत्या. त्यांचे अन्नवस्त्र, आजारपण, शिक्षण, शेती, छापखाना, हा सारा भार बाईंच्या शिरावर होता. तो वाहत असताच त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी लेखणी थांबली नाही. पुढल्याच वर्षी एप्रिलात बाईही गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

त्यांना सवड कोठून मिळाली, हा प्रश्न आपण करतो. वस्तुतः तो उद्योगच त्यांच्या अभ्यासाचे मूळ होता. अल्पशिक्षित स्त्रियांनाही उमजेल असे सोपे मराठी शास्त्र त्यांना हवे होते. धातू-प्रत्ययांशी झगडताना त्यांच्या डोळ्यांपुढे परीक्षा नव्हती, माणसे होती.

आम्हा विद्याव्यवसायी लोकांची अडचण याच्या नेमकी उलट. सवड मिळाली तरी आम्ही शुभवर्तमान पाठ्यपुस्तकासारखे उघडतो. ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, पाठभेद कोणते, हे सारे विचारतो. ते ज्ञान त्याज्य नव्हे. परंतु तो ग्रंथ आपल्यालाही काही विचारीत असतो, आणि तेवढा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातील याजक आणि लेवी हे काही धर्मशून्य पुरुष नव्हते. शास्त्र त्यांच्या नित्य परिचयाचे होते. तरीही जखमी माणसाला पाहून ते दुसऱ्या बाजूने निघून गेले.

म्हणून अलीकडे मी एक साधा नेम धरला आहे. सकाळी थोडीच वचने वाचावयाची. मात्र वाचताना त्या दिवसाच्या कामातील एक माणूस मनापुढे ठेवावयाचा. कधी तो फी थकल्यामुळे मागल्या बाकावर मान खाली घालून बसणारा विद्यार्थी असतो, तर कधी ज्याच्याशी माझे पटत नाही असा सहकारी. हा नेम वेळ फारसा घेत नाही, पण स्वस्थताही देत नाही. विद्यार्थ्याची विचारपूस करणे सोपे. सहकाऱ्याकडे आपण होऊन जाणे फार जड जाते. टीकाग्रंथांची पन्नास पाने त्यापेक्षा सुखाने वाचून होतात. आपण सवडीची वाट पाहत असतो ती कित्येकदा एवढ्याचसाठी, की ती येईपर्यंत त्या माणसाकडे जावे लागू नये.