घाटाखालचं गाव, घाटावरचं गाव

प्रवासाची दैनंदिनी : बुलढाणा

शुक्रवार, संध्याकाळ. बुलढाणा

शनिवार-रविवार हाताशी धरून एखादं जुनं डोंगरी गाव पाहून यावं असं मनात आलं, की डोळ्यांपुढे परदेशाचंच चित्र उभं राहतं. इटलीतलं चिविता दी बान्योरेज्जो, जपानमधलं शिराकावागो. दगडी बोळ, उतरती छपरं, पिढ्यान्‌पिढ्या जागची न हललेली घरं. तसं गाव महाराष्ट्रात कुठे आहे, असं विचारलं तर बुलढाण्याचं नाव कुणी घेत नाही. बुलढाणा म्हणजे शेगाव आणि लोणार. एकीकडे दर्शन, दुसरीकडे सरोवर, आणि मधला सगळा मुलूख गाडीच्या काचेतून. इथे मध्ययुगीन गाव शाबूत नाही, हे वरवर पाहता खरंही आहे. पण शाबूत कशाला म्हणायचं, हे आपण परक्या चित्रावरून ठरवून बसलो आहोत. या नोंदींचं म्हणणं एवढंच, की बुलढाण्यातली जुनी गावं इमारतींत कमी आणि मांडणीत जास्त टिकली आहेत. वाट कुठून येते, पाणी कुठे अडतं, वस्ती कोणत्या उंचवट्यावर बसते, यात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं गाव अजून ओळखता येतं. म्हणून ते पाहण्याची रीत वेगळी हवी, आणि जपण्याचीही.

मुक्कामासाठी बुलढाणा शहर निवडण्याचं कारण त्याची जागा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर हे शहर आहे, आणि जिल्ह्याचे दोन तुकडे इथे उभं राहिलं की नीट समजतात. उत्तरेला राजूर घाट उतरला की पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन लागते. तो जुन्या वऱ्हाडचा पयनघाट. दक्षिणेला चिखली, मेहकर, सिंदखेडराजाकडचं पठार पसरतं, तो बालाघाट. खानदेशातून नाहीतर बऱ्हाणपुराकडून दख्खनच्या पठारावर येणाऱ्या फौजेला, व्यापाऱ्याला, यात्रेकरूला ही डोंगराची भिंत कुठेतरी चढावीच लागे. मोठी वाहतूक पश्चिमेला अजिंठ्याच्या घाटाने होई, पण त्याच्या पूर्वेलाही लहान घाटवाटा होत्या. त्या वाटांच्या तोंडाशी गावं का वसली, हे कळलं की नकाशावर ठिकाणं शोधण्याऐवजी आधी घाट शोधावा हे पटतं.

शनिवार. रोहिणखेड

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातलं गाव डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. आज तिथून जाणाऱ्याला ते इतर गावांसारखंच दिसतं; पण दख्खनच्या इतिहासात त्याचं नाव दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा लढाईसाठी. पहिली लढाई १४३७ची. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदने संगमेश्वरच्या राजाची मुलगी केली. आधीच्या बेगमेचा मान गेला, आणि तिचा बाप, खानदेशचा नासीर खान, वऱ्हाडावर चालून आला. बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला हरवलं. दुसरी लढाई १५९०-९१च्या सुमाराची. अहमदनगरच्या निजामशाहीच्या गादीसाठी त्याच घराण्यातला बुऱ्हाण खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन उतरला, आणि अहमदनगरकडून समोर आलेला सरदार जमाल खान तिथेच मारला गेला. दोन्ही लढायांची कारणं निराळी, माणसं निराळी, मध्ये दीडशे वर्षांचं अंतर. सारखी होती ती जागा. खानदेशाची फौज वऱ्हाडात शिरली किंवा अहमदनगरची फौज तिला अडवायला निघाली, की घाटाच्या तोंडाशी गाठ पडणं ओघानेच येई. इतिहासात या गावाचं नाव आलं ते त्याच्या भूगोलामुळे, आणि तो भूगोल कुठेही गेलेला नाही. गावाकडे पाठ करून डोंगराकडे पाहिलं की रांगेतली खिंड दिसते. लढाई इथेच का झाली याचा तेवढा पुरावा पुरतो.

गावातली मशीद १५८२ची. खुदावंद खान महदवी या सरदाराने ती बांधली. लहान आणि नेटकी अशी ही वास्तू केंद्राच्या संरक्षित यादीत आहे. तिचं जुळं भावंड पठारावर, साखरखेर्ड्याला आहे. ते १५८१चं, आणि बांधणारा तोच. वऱ्हाड निजामशाहीत आलं ते १५७४ साली. पुढच्या सात-आठ वर्षांत एका सरदाराने एक मशीद घाटाखाली आणि एक घाटावर उभी केली. एकेकटी पाहिली तर ती दोन जुनी बांधकामं वाटतात. एकत्र पाहिली तर नव्या राज्याचा माणूस वरचा आणि खालचा मुलूख दोन्ही हातांत धरू पाहतोय, हे दिसतं. म्हणून अशा गावी जाणाऱ्याने एकच वास्तू पाहून परतण्यात अर्थ नाही. एक दिवस घाटाखाली आणि एक दिवस घाटावर, अशी विभागणी केली तरच या मुलखाचा हिशेब लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जागा महत्त्वाची होती हे मान्य, पण ते महत्त्व संपलं. आता तिथे काय आहे? उत्तर रेल्वेत सापडतं. १८६०च्या दशकात मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, मलकापूर, नांदुरा, शेगाव असा गेला. व्यापार रुळांकडे ओढला गेला. कापसाचे गठ्ठे घाट चढायचं कारण उरलं नाही. जी गावं रुळांवर आली ती वाढली, आणि वाढताना त्यांचे जुने खुणेचे दगड झाकले गेले. घाटाच्या तोंडाशी राहिलेल्या गावांचा व्याप वाढला नाही, म्हणून त्यांची जुनी आखणी उरली. युरोपातही हेच झालं आहे. ज्या डोंगरी गावांवरून मोठे रस्ते गेले नाहीत, तीच आज पोस्टकार्डांवर दिसतात. फरक एवढाच, की तिथे माणसं निघून गेली आणि घरं राहिली. इथे माणसं राहिली आणि घरं बदलली.

घरं कशी बदलली, ते जवळून पाहण्यासारखं आहे. या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फांद्या-काटक्यांचा थर, आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. पावसाळ्याआधी त्या मातीचा नवा हात द्यायचा, ढाळ नीट करायचा, म्हणजे पाणी पन्हाळीतून खाली पडतं. पाऊस बेताचा असलेल्या मुलखात हे सपाट छप्पर शोभतं, आणि ते नुसतं छप्परही नसतं. तुरीच्या शेंगा, मिरच्या, पापड, उन्हाळ्यातली झोप, सगळ्यांसाठी ते अंगण असतं. ही पांढरी माती यायची बहुधा जुन्या वस्तीच्या टेकाडातून, म्हणजे पाटलाच्या किंवा देशमुखाच्या गढीतून. गढी पडकी झाली की तिची माती पाटी-पाटीने गावाच्या धाब्यांवर चढे. पुढे सिमेंटचा स्लॅब आला, मातीची गरज संपली. पण तोवर उंच जागा म्हणून गढीवर पाण्याची टाकी बांधायची पद्धत पडली होती. वापराने गाव टिकतं, असं म्हणणाऱ्याला इथे थांबून विचार करावा लागतो, कारण गढी संपली तीही वापरानेच.

म्हणून दुसरा आक्षेप हलका नाही. मांडणी टिकली आहे ना, असं म्हणत बसलं तर दगडमाती जाऊ द्यायला निमित्त मिळेल. ते होता कामा नये, आणि त्यासाठी कायदा आहे. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा २०१० साली दुरुस्त झाला. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. वास्तूच्या दृष्टीने हा नियम गरजेचा आहे. पण तो वास्तूभोवती वर्तुळ काढतो, आणि जुनं गाव वर्तुळात बसत नाही. वर्तुळातल्या माणसाला घराच्या डागडुजीसाठी परवानगीमागे धावावं लागतं. वर्तुळाबाहेर जुना बुरूज, गढी, बारव असली तरी हा नियम तिथवर पोचत नाही. शंभर मीटरच्या आत घर पडतं आणि बाहेर गढी सपाट होते, तेव्हा दोष नियमाच्या कडकपणाचा नसतो. वास्तू जपली की गाव जपलं, या समजुतीचा तो दोष आहे.

रविवार. साखरखेर्डा आणि सिंदखेडराजा

चिखलीमार्गे पठारावरून दक्षिणेकडे निघालं की साखरखेर्डा वाटेत घेता येतं. १५८१च्या मशिदीखेरीज या गावाची ओळख आहे ती ऑक्टोबर १७२४मधल्या लढाईने. दिल्लीच्या वतीने आलेल्या मुबारिज खानाला निजाम-उल-मुल्कने इथे हरवलं, आणि दख्खनमध्ये निजामाचं राज्य खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्या लढाईत मराठे निजामाच्या बाजूने होते. पुढच्या सव्वादोनशे वर्षांचं राजकारण ज्या शिवारात ठरलं, तिथे आज सोयाबीन आणि तूर उभी असते. याहून जास्त इथे रेंगाळण्याची गरज नाही. दिवसाचा मोठा भाग सिंदखेडराजासाठी राखावा.

सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ हा जन्मदिवस मानला जातो, आणि दरवर्षी त्या दिवशी राज्यभरातून माणसं इथे येतात. राजवाड्याचा भव्य दरवाजा, रंगमहाल, जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधी, काळा कोट, नीलकंठेश्वराचं मंदिर, ही यादी मार्गदर्शक पुस्तिकेत सापडते. यादीत असूनही कमी पाहिलं जातं ते पाणी. मोती तलावाचा बांध नुसती मातीची भिंत नाही. तलावाच्या बाजूने तो किल्ल्याच्या तटासारखा चिरेबंदी बांधला आहे. चांदणी तलावाच्या मधोमध मजल्यांची इमारत आहे. पुतळा बारवेच्या पायऱ्या उतरताना भिंतींतल्या कोरीव मूर्ती दिसतात. पाणी भरायला येणाऱ्या बायकांच्या रोजच्या वाटेवर कुणीतरी एवढं कोरीवकाम करून ठेवलं. सजना बारवेतून गावाला जमिनीखालून पाणी पुरवलं जाई. पावसाची खात्री नसलेल्या पठारावर जहागिरीचं ठाणं वसवायचं तर आधी पाण्याची तजवीज करावी लागते, हे जाधवरावांनी ओळखलं होतं. लखुजी १६२९मध्ये दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात दग्याने मारले गेले, त्यांच्याबरोबर घरातली तरणी माणसंही गेली. घराण्याचा जोर ओसरला. तलाव आणि बारवा मात्र राहिल्या, कारण गावाला त्यांची गरज होती.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो भावनेचा आहे. सिंदखेडराजा हे श्रद्धेचं ठिकाण. त्याला सुट्टीच्या सहलीत ओढायचं का? पण श्रद्धा आणि पाहणी एकमेकींच्या आड येत नाहीत. २०२४मध्ये लखुजींच्या समाधीच्या जतनाचं काम करताना पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली जुन्या शिवमंदिराचा पाया आणि शेषशायी विष्णूची मोठी कोरीव मूर्ती सापडली. जाधवरावांच्याही आधी इथे नांदती वस्ती होती, हे त्यातून कळलं. हे कळलं ते आदरपूर्वक पण बारकाईने पाहिल्यामुळे. जयंतीच्या दिवशी माथा टेकवावा. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत बांधाचे चिरे, पाण्याचा निचरा, बारवेतला गाळ बघावा. जिजाऊंचं लहानपण ज्या गावात गेलं ते गाव कसं चालत होतं, हे समजून घेणं हाही आदरच आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात व्यवहारी: पर्यटक आले की गाव बिघडतं. चिविता दी बान्योरेज्जोमध्ये हातावर मोजण्याइतकी माणसं राहतात, आणि २०१३पासून आत जायला तिकीट आहे. गाव उरलं, गावपण उरलं नाही. पण शिराकावागोचा अनुभव वेगळा आहे. तिथल्या ओगीमाची वस्तीतल्या रहिवाशांनी १९७१मध्ये आपसांत ठरवलं, की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. जागतिक वारशाचा मान मिळाला तो १९९५मध्ये, म्हणजे लोकांच्या निर्णयानंतर चोवीस वर्षांनी. छपरं बदलायचं काम तिथे अजूनही शेजारीपाजारी मिळून करतात. चिवितात गावकरीच उरले नव्हते, ओगीमाचीत ते आधी एकत्र बसले. बुलढाण्याची बाजू इथे भक्कम आहे. आपल्या गावांतून माणूस गेलेला नाही, आणि ठराव करायला ग्रामसभा, नगरपरिषद आहेच.

मग ठराव कशाचे व्हावेत? गावठाणातल्या उरल्यासुरल्या गढीवर नवी टाकी, नवं सभागृह नको. बारवेत कचरा नको. राज्यात २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना चालू आहे. त्या धर्तीवर जुन्या तलावांचा गाळ पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली काढून शेतात गेला, तर शेतकऱ्याचाही फायदा आणि बांधाचाही. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत दोन-चार धाब्याची घरं नोंदली गेली, तर त्यांच्या छपरावर दरवर्षी पांढऱ्या मातीचा हात द्यायला मालकाकडे पैसा येईल. भाकरी, ठेचा, पिठलं तर चुलीवर असतंच. समृद्धी महामार्गाला सिंदखेडराजाजवळ उतार आहे, म्हणजे नागपूरच्या आणि संभाजीनगरच्या माणसाला अंतराची सबब उरलेली नाही. पण महामार्गाने येणारा माणूस तासाभरात राजवाडा पाहून परत महामार्गावर चढणार असेल, तर गावाच्या वाट्याला फक्त धूळ येईल. रात्र काढणारा पाहुणा आणि त्याला ठेवून घेणारं घर, या दोघांची सोय आधी झाली पाहिजे.

पुढच्या भागात मेहकर आणि लोणार. तिथे हेच म्हणणं अधिक कठीण परीक्षेला लागेल, कारण लोणारला सगळं जग सरोवर पाहायला येतं आणि दैत्यसूदनाचं मंदिर ज्या वस्तीत आहे, ती वस्ती पाहायची राहूनच जाते.