आधी प्रश्न, मग पुस्तक

"डॉक्टर, जिना चढताना धाप लागते हो." हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. ते ऐकल्यावर काय विचारायचं, हे डॉक्टर कुठे शिकतो?

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय वेगवेगळे शिकलो. पेशंट भेटला तो त्यानंतर. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या मला तोंडपाठ होत्या. पण धाप लागणाऱ्या एक बाई वॉर्डात समोर आल्या, तेव्हा मी फक्त त्यांचं हृदय आणि फुप्फुसं तपासत बसलो. सरांनी त्यांची खालची पापणी ओढून दाखवली. आतून पांढरीफटक! पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे मी विचारलंच नव्हतं. ज्ञान होतं, पण वेळेला आठवलं नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात हा क्रमच उलटा केला. सुरुवातीपासूनच विद्यार्थ्यांच्या छोट्या गटापुढे एखाद्या पेशंटची तक्रार ठेवायची. यातलं आपल्याला काय माहीत आहे, काय नाही, हे त्यांनी ठरवायचं, वाचून यायचं आणि पुन्हा एकत्र बसून चर्चा करायची. शिक्षक उत्तर सांगत नाहीत, वाट चुकू देत नाहीत. धाप समजून घेताना हृदय, फुप्फुसं आणि रक्त हे तिन्ही एकत्रच शिकून होतात.

या पद्धतीला वेळ आणि शिक्षक जास्त लागतात. नीट लक्ष दिलं नाही, तर पाया कच्चा राहू शकतो. पाठांतरही लागतंच, पण ते कशासाठी हे आधी कळलेलं असतं. आपल्याकडे २०१९पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी पेशंटशी ओळख करून देतात. हे पूर्ण समस्याधारित शिक्षण नव्हे, पण पाऊल त्याच दिशेने आहे.

यात तुमचाही वाटा आहे. शिकाऊ डॉक्टरने "पाळी कशी आहे? शौचाला काळं होतं का?" असं विचारलं, तर "धापेचा याच्याशी काय संबंध?" म्हणून वैतागू नका. नको असेल तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. पण शक्य असेल तर सांगा. तुमच्या त्या उत्तरातून तो जे शिकेल, ते पुढच्या पेशंटच्या वेळी त्याला नक्की आठवेल.