कोच म्हणजे रेल्वेचा डबा?

"कोच? म्हणजे कुठल्या विषयाचा क्लास काढतोयस?"

आईचा पहिला प्रश्न. गेल्या दिवाळीच्या आधी एका शनिवारी रात्री जेवताना मी घरी जाहीर केलं होतं की मी प्रोफेशनल कोच व्हायचं ट्रेनिंग घेतोय. बाबांनी पोळीचा तुकडा मोडत व्यवहार्य सूचना केली, "क्लासच काढायचा तर दहावीचं गणित घे. डोंबिवलीत मुलं कमी पडणार नाहीत."

मी म्हटलं, "क्लास नाही हो बाबा. कोच. लोकांना त्यांच्या करिअरबद्दल विचार करायला मदत करायची."

"आणि ते त्याचे पैसे देतात?"

"देतात... म्हणजे देतील."

बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी आईकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी बारावीच्या रिझल्टनंतर पहिल्यांदाच पाहत होतो. ऑफिसातल्या मित्राची प्रतिक्रिया आणखी सरळ होती. "कोच? एसी की स्लीपर?" :-)

तर मंडळी, आजचा शनिवार या विषयाला.

माझी कुंडली तुमच्यापैकी निम्म्या लोकांशी जुळेल. डोंबिवली पूर्व, दहावीला एक्क्याण्णव टक्के, म्हणून सायन्स. सायन्स म्हणून सीईटी, सीईटी म्हणून इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंग म्हणून कॅम्पस, कॅम्पस म्हणून ऐरोली. या सगळ्या साखळीत "तुला काय करायचंय?" हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नाही. सोसायटीत नव्वदच्या वर पडले की इंजिनिअरिंग, हे पाणी सकाळी सहाला येतं इतकं ठरलेलं होतं.

नोकरी वाईट नाही. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट. रात्री दोनला जॉब पडला की फोन वाजतो, मी लॉग बघतो, जॉब पुन्हा चालू करतो, तिकीट बंद करतो. सहा वर्षांत किती तिकिटं बंद केली याचा हिशेब सिस्टीममध्ये आहे. त्यातलं एक तरी मला आठवतंय का, याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे. नाही. रविवारी संध्याकाळी पाचनंतर पोटात एक गोळा यायला लागायचा. अॅसिडिटी समजून मी दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या.

या सगळ्यात एकच गोष्ट मनापासून आवडायची. टीममधली नवी पोरं चहाच्या टपरीवर मला गाठायची. जावा सोडून डेटाकडे जाऊ का? एमएस करू का? ऑफर आलीय, घेऊ का? मी कटिंग हातात घेऊन धडाधड सल्ले द्यायचो. पोरं माना डोलवायची. मला वाटायला लागलं, अरे, हेच तर आपलं काम! याला जगात कोचिंग म्हणतात आणि लोक त्याचे पैसे घेतात, हे इंटरनेटवर वाचल्यावर तर मला आकाशच ठेंगणं झालं.

आणि मग कल्याणच्या मावशीकडे जेवायला गेलो.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. शाळेत असल्यापासून त्याला एकच वेड, नाटकाच्या लाईट्सचं. शेजारच्या काकांचा साऊंड आणि लाईटचा धंदा. हा सुट्टीत त्यांच्या टेम्पोत बसून एकांकिका स्पर्धांना जायचा आणि रात्री दोनला वायरींची भेंडोळी खांद्यावर घेऊन परत यायचा. बारावीनंतर मावशीनं मला बोलावलं. "अरे, तू जरा समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

मी तेव्हा नुकताच कॅम्पसमधून सिलेक्ट झालो होतो. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचं कार्ड. (हो, मावशीकडे जातानाही कार्ड काढलं नव्हतं. हसा.) मी चक्क एक्सेल शीट करून नेली. एका कॉलममध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसऱ्यात लाईट्स. पहिल्या वर्षाचा पगार, पाचव्या वर्षाचा पगार, होम लोनची पात्रता. दोन तास बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला अॅडमिशन घेतली. मावशीनं मला बासुंदी वाढली.

पुढे त्याच्या केट्या लागत गेल्या. मग इयर डाऊन. मग दुसऱ्यांदा इयर डाऊन. त्या जेवणाच्या दिवशी त्याचे मित्र नोकरीला लागलेले आणि हा अजून तिसऱ्या वर्षात. जेवण झाल्यावर आम्ही काळा तलावावर चक्कर मारायला गेलो. मी सवयीनं सुरू केलं, "हे बघ, आता तू असं कर..."

तो थांबला. शांतपणे म्हणाला, "दादा, रागवू नकोस. पण तेव्हाही तू दोन तास बोललास, आणि मला एकही प्रश्न विचारला नाहीस."

तलावाला आम्ही आणखी दोन फेऱ्या मारल्या. मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. बाबा म्हणतात तसा गणिताचा क्लास काढला असता तर निदान एवढं नुकसान तरी झालं नसतं.

कोच या शब्दाकडे मी खऱ्या अर्थानं पाहिलं ते त्या रात्रीनंतर. गंमत म्हणजे ऑफिसातल्या मित्राचा जोक बरोबरच होता. कोच म्हणजे आधी गाडीच. हंगेरीत कोच नावाचं एक गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे चांगल्या घोडागाड्या बनायच्या, त्यावरून हा शब्द युरोपभर गेला. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना गमतीनं कोच म्हणायला लागली, आणि तिथून तो खेळात आला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली, तिला चौदा डबे होते. चौदा कोच! म्हणजे ठाणेकरांइतकी या शब्दाची ओळख दुसऱ्या कुणाला असायला नको.

आता बघा, डबा काय करतो? तुम्हाला तुमच्या स्टेशनला नेतो. "कसाऱ्याला कशाला जाताय, कर्जतला चला, तिकडे स्कोप आहे," असं डबा म्हणत नाही. मी भावाला तेच म्हणालो होतो.

आजच्या कोचिंगचं मूळही खेळातच आहे. टिमोथी गॅलवे नावाचे अमेरिकन टेनिस शिक्षक होते. त्यांच्या लक्षात आलं की रॅकेट अशी धर, कोपर असं ठेव, अशा सूचना जितक्या कमी तितका खेळाडू चांगला शिकतो. त्याऐवजी चेंडूकडे नीट बघ, काय दिसतं ते सांग, एवढंच म्हटलं तरी पुरतं. १९७४ मध्ये त्यांनी त्यावर 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. पुढे जॉन व्हिटमोर या ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हरनं तीच गोष्ट कंपन्यांमध्ये नेली. त्यांच्या १९९२च्या पुस्तकातून 'ग्रो' नावाची पद्धत जगभर गेली. चार पायऱ्या: ध्येय, वास्तव, पर्याय, निश्चय. डोंबिवलीकरांच्या भाषेत: कुठे जायचंय? आत्ता कुठल्या फलाटावर उभा आहेस? इंडिकेटरवर कुठल्या गाड्या लागल्यात? आणि यातली कुठली पकडणार, कधी? चारही प्रश्नांची उत्तरं प्रवाशानं द्यायची. कोचनं फक्त विचारायचं आणि गप्प बसायचं.

यासाठी ऑक्सफर्ड आणि अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नव्हती, हे नंतर कळलं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपली 'आयपीएच', सुरू केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यातून 'वेध' ही व्यवसाय प्रबोधनाची परिषद निघाली. वेध म्हणजे व्होकेशनल एज्युकेशन, डायरेक्शन अँड हार्मनी. शेवटचा शब्द लक्षात घ्या. हार्मनी, सुसंवाद. करिअरच्या कार्यक्रमाच्या नावात पॅकेज नाही, सुसंवाद आहे. ठाण्याहून ती पुढे महाराष्ट्रातल्या इतर शहरांत गेली. दहावीत असताना आम्हालाही एकदा नेलं होतं. मला आठवतात ते मधल्या सुट्टीतले वडे. पण आता ते व्हिडिओ पुन्हा बघताना जाणवतं की स्टेजवर एक मानसोपचारतज्ज्ञ बसलाय आणि तो मुलांना "तुम्ही हे करा" असं सांगत नाहीये. वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांना तो प्रश्न विचारतोय: हे कसं सुचलं? अडलात कुठे? तेव्हा काय केलंत? तो जवळजवळ फक्त विचारतोय. माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी वडे मोजत होतो.

असो. ट्रेनिंगकडे येऊ. वीकेंडला ऑनलाइन. फी दीड महिन्याच्या पगाराएवढी, ती भरताना हात थरथरला. पहिल्या सरावाचं रेकॉर्डिंग ऐकून आमच्या मेंटर बाई म्हणाल्या, "अर्ध्या तासात तुम्ही किती बोललात, मोजा." मोजलं. बावीस मिनिटं! जुनीच खोड. प्रश्न म्हणून जे विचारलं तेही "तुला असं नाही का वाटत की..." या छापाचं, म्हणजे सल्ल्यालाच प्रश्नचिन्ह चिकटवलेलं.

ज्यांना या लाईनमध्ये यायचंय त्यांच्यासाठी थोडी माहिती. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कसलंही लायसन्स लागत नाही. उद्या तुम्ही कार्ड छापून बसू शकता, आणि बसलेले पुष्कळ आहेत. म्हणून कुणाकडे जाण्याआधी ट्रेनिंग कुठे झालं ते जरूर विचारा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही १९९५ पासूनची संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रं देते. पहिल्या पातळीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं, आणि त्यातले निदान ७५ तास पैसे घेऊन केलेले हवेत. शेवटच्या पातळीला हे काम २५०० तासांवर जातं. माझे चौदा महिन्यांत ४१ झालेत. मिळालेले सगळे पैसे एकत्र केले तर फ्लॅटचा एक हप्तासुद्धा निघत नाही.

आणि एक गोष्ट कोच नसलेल्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी. एकदा एक मुलगा करिअर बदलायचंय म्हणून आला. वीस मिनिटांत कळलं की तो तीन आठवडे धड झोपलेला नाही आणि त्याला सगळंच नकोसं झालंय. मी माझे प्रश्न बाजूला ठेवले. म्हटलं, हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे, आणि आपण आत्ताच कुणाला तरी फोन करू या. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. तो तास मी माझ्या ४१ मध्ये धरलेला नाही, पण मला विचाराल तर तोच सगळ्यात महत्त्वाचा.

"मग नोकरी कधी सोडतोयस?" हा तुमचा प्रश्न ऐकू आला मला. सोडत नाहीये. निदान एवढ्यात नाही. अर्थपूर्ण करिअर म्हणजे एक दिवस मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा ठेवायचा आणि मागे संगीत वाजायचं, असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात मी अजून सकाळी पाच नंबरवर उभा असतो, ठाण्याला उतरून ऐरोलीची गाडी पकडतो, तिकिटं बंद करतो. फरक एवढाच की टपरीवर कुणी "काय करू?" विचारलं तर मी म्हणतो, "तुला काय वाटतं?" आणि थांबतो. ते थांबणं भयंकर असतं. चहा गार होतो. पण मग समोरचा जे बोलतो, ते मला आठवडाभर आठवत राहतं. आणि रविवारी संध्याकाळचा तो गोळा हल्ली कमी येतो. गोळ्या कधी बंद केल्या तेही आठवत नाही.

भावाकडे मी पुन्हा गेलो. कोच म्हणून नाही, घरच्या माणसाचा कोच होता येत नाही. या वेळी एक्सेल नव्हती. आधी माफी मागितली, मग विचारलं, आणि तो दीड तास बोलला. त्यानं ठरवलंय की डिग्री पूर्ण करायची, कारण अर्धवट सोडलेलं त्याला आवडत नाही, पण त्याच्या वेगानं. आणि शनिवार-रविवार काकांच्या टेम्पोवर. मला विचाराल तर यातल्या दोन गोष्टी मला पटलेल्या नाहीत. त्यानं विचारलेलं नाही. मी सांगितलेलं नाही.

परवा रात्री बाबा पेपर वाचत होते. एकदम म्हणाले, "सगळ्या जगाला विचारतोस. मला विचार की एखादा प्रश्न."

मला हसू आलं, मग आलं नाही. एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्ट केलेला माणूस. मी विचारलं, "बाबा, तुम्हाला काय करायचं होतं?"

ते बराच वेळ पेपरकडे बघत राहिले. पान काही उलटलं नाही. मग म्हणाले, "विचार करून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, माझ्याकडे न बघता: "पेटी शिकायची होती."

अहो मग आता शिका की, टिळकनगरात क्लास आहे, मी आजच फोन करतो... एवढं सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

"मग?" मी विचारलं. आणि गप्प बसलो.