‘पाचोळा’वर बोलायला कोण कोण

या महिन्यात आमच्या वाचकगटात रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ चालू आहे. गट व्हॉट्सॲपवरचा. निम्मे अंबाजोगाईतले, बाकीचे पोटापाण्यासाठी पुण्या-संभाजीनगरला गेलेले, एक तर पार दुबईत.

कादंबरी 1971 ची. आम्ही ती वाचली ऐंशीच्या आसपास. वाचनालयात प्रत एकच, त्यामुळे नंबर लावायचा. आपल्या आधीचा माणूस पुस्तक पिशवीत टाकून लातूरला लग्नाला गेला, की आठ-पंधरा दिवस हात चोळत बसायचं. पुस्तक मिळेपर्यंत निम्मी चर्चा समासात होऊन गेलेली असे. एकानं पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘नुसतं रडगाणं.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘तुझं पोट भरलेलं दिसतंय.’ अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. मग योगेश्वरीच्या देवळाकडून येताना तो गाठ पडला की वाद रस्त्यातच सुरू. तोंड चुकवायला गाव काही एवढं मोठं नव्हतं.

1983 ला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईतच भरलं, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. त्या वर्षी त्यांची ‘बनगरवाडी’ न वाचताच तीवर तावातावानं बोलणारेही आम्ही जमायचो त्या चहाच्या टपरीवर निघाले. आद्यकवी मुकुंदराजांच्या गावात पुस्तकाबद्दल मत नसणं कमीपणाचंच!

आता मत लगेच येतं, पुस्तक संपायच्याही आधी. विसाव्या पानावर ‘अप्रतिम’, खाली सात अंगठे. कुणी कुणाला खोडत नाही; खोडलंच तर समोरचा रुसून गट सोडतो. समासातलं ते भांडण मला अजूनही यापेक्षा वाचनीय वाटतं.

पण टपरीचं फार कौतुकही नको. ‘पाचोळा’ सांगते ती शिंप्याची बायको, आपल्या मराठवाडी बोलीत. घर कसं विस्कटत गेलं ते तिच्याच तोंडून कळतं. आणि तिच्यावर चहा पीत बोलणारे आम्ही झाडून सगळे पुरुष. बायकांनी तिथं बसायची रीतच नव्हती.

परवा गटात एका वहिनींचा व्हॉइस मेसेज आला. मागं कुकरची शिट्टी, मधेच कुणाला तरी ‘गॅस बारीक कर गं’. म्हणाल्या, “त्या बाईला घरात कुणी इचारलंच न्हाई, तुझं काय म्हणणं हाय म्हणून. म्हणून ती आपल्याला सांगायलीय.” पुढं चार मिनिटं बोलल्या : नवऱ्याच्या हट्टावर, पोरावर, मधल्या मधे तिच्या होणाऱ्या ओढाताणीवर. इतक्या वर्षांत आमच्या टपरीवर हे एकालाही सुचलं नव्हतं. त्यावर मग आणखी तिघी बोलल्या, आणि एकीनं वहिनींना चक्क खोडून काढलं. गट कुणीही सोडला नाही.

पुढच्या महिन्यात ‘बनगरवाडी’ घेतोय. आधी वाचलेल्यांनी शेवट फोडू नये. आणि कृपा करून नुसता अंगठा दाखवून मोकळं होऊ नका. पटलं नाही तर तसं सांगा.