टाकीचं झाकण

मुलांनो, घरातला रेडिओ बोलेनासा झाला की आपण आधी काय करतो? त्याला दोन थपडा मारतो! होडीच्या इंजिनाला मात्र थपडा चालत नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या चौथीच्या वर्गाची सहल सिंधुदुर्गातल्या देवबागला गेली होती. इथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगवे. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं घातली आणि आम्ही होडीतून निघालो. पाच-सात मिनिटं झाली असतील, तोच इंजिनाने आचके दिले आणि ते गप्प झालं. होडीवाल्या काकांनी दोरी खेचली. घुर्र... पुन्हा गप्प! ओहोटी लागली होती. पाणी आम्हाला समुद्राच्या तोंडाकडे ओढत होतं. माझ्या तर पोटात गोळाच आला.

काकांनी काय केलं असेल? दोरी सोडली आणि नांगर टाकला! "आधी होडी थांबवची, मगे इंजिन बघूचा," ते शांतपणे म्हणाले.

मग एकेक तपासणी सुरू झाली. गिअर न्यूट्रलमध्ये आहे? आहे. लाल दोरीची पिन जागेवर आहे? आहे. ही पिन निघाली की इंजिन बंद पडतं. चालवणारा पाण्यात पडला तर होडी पळत सुटू नये, म्हणून ही सोय. टाकीत पेट्रोल? भरपूर. नळी कुठे मुडपली आहे? नाही. नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल पुढे जातं आणि भरलं की फुगा कडक होतो. इथे तो चपटा होऊन बसला होता.

"पेट्रोल आसा, पण येना नाय," काका पुटपुटले.

मागच्या फळीवरून एक मुलगी म्हणाली, "काका, आई तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडते. एकानेच तेल नीट येत नाही. तुमच्या डब्याचं दुसरं भोक कुठाय?"

काका चमकले. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. पेट्रोलची वाफ बाहेर येऊ नये म्हणून होडी उभी असताना तो बंद ठेवतात. तो उघडायचाच राहिला होता! पेट्रोल खर्च होत गेलं, पण त्याच्या जागी हवा आत शिरेना. मग पेट्रोल तरी बाहेर कसं येणार? स्क्रू फिरवताच 'सुस्स' झालं. फुगा दाबला, कडक झाला. दुसऱ्याच खेचेला इंजिन धडधडलं!

"चेडू हुशार आसा तुमचा, बाई!" काका म्हणाले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नुसती दोरी ओढत बसलो असतो, तर हात दुखले असते आणि होडी वाहत गेली असती. भागाकार अडला तरी तसंच असतं. तेच उत्तर दहादा खोडून लिहू नका. थांबा, वरून एकेक पायरी बघत या.

ती मुलं आता मोठ्या शाळेत गेली. पण माझ्या वर्गात आजही कुणाचं गणित अडलं, की शेजारचा हळूच विचारतो, "झाकण बघितलंस का रे?"