सेंटिमीटर कशापासून?

मंडळी, आमच्या धंद्यात 'इव्हेंटला जाणे' हा एक वेगळाच कार्यक्रम असतो. धंदा म्हणजे नकाशे आणि सॅटेलाइट पोझिशनिंगचं सॉफ्टवेअर. गळ्यात बिल्ला, खांद्याला फुकटची पिशवी, पिशवीत चार पेनं आणि ढीगभर ब्रोशर्स, आणि संध्याकाळी पायांचे तुकडे. जर्मनीत दर वर्षी इंटरजिओ भरतं, ते या लोकांचं पंढरपूर. सर्व्हेअर लोकांची जागतिक संघटना 'फिग' तर १८७८ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. म्हणजे एकत्र जमून मोजमापांवर गप्पा मारायची हौस बरीच जुनी आहे.

मी सांगणार आहे ते हैदराबादचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांची दुसरी वर्ल्ड जिओस्पेशियल इन्फर्मेशन काँग्रेस तिथे झाली. पहिली २०१८ साली चीनमध्ये झाली होती. भाषणांबद्दल न बोललेलंच बरं, पण वातावरण मात्र लग्नघरासारखं होतं, आणि त्याला कारणही होतं. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं नकाशांचे नियम सैल केले. त्याआधी भारतीय कंपनीलासुद्धा बारीक नकाशे करायचे तर परवानग्या काढता काढता जीव जायचा. नव्या नियमांत परदेशी कंपन्यांना तेवढी मर्यादा राहिली: आडव्यात १ मीटर, उभ्यात ३ मीटर. त्याहून बारीक डेटा इथे त्यांनी गोळा करायचा नाही. साहजिकच आपल्याकडच्या कंपन्या खुशीत होत्या.

आणि अशा ठिकाणी बघावं तिकडे रोव्हर. रोव्हर म्हणजे दांड्यावर बसवलेला पांढरा डबा, त्याच्यात जीएनएसएस रिसीव्हर. स्टॉलवरचा टायवाला मुलगा तो हातात देऊन म्हणतो, "सर, आठ मिलिमीटर!"

हे आठ मिलिमीटर खोटे नसतात. आपला फोन मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरपर्यंत जागा सांगतो. रोव्हर उपग्रहाकडून येणारी लहरच मोजतो. जीपीएसच्या एल-१ लहरीची लांबी साधारण १९ सेंटिमीटर. लहरीचा अगदी छोटा तुकडा त्याला मोजता येतो, पण उपग्रहापासून आपल्यापर्यंत अख्ख्या लहरी किती झाल्या, ते कळत नाही. मग जवळच, माहीत असलेल्या जागेवर, दुसरा रिसीव्हर ठेवायचा. त्याला म्हणायचं बेस. दोघांची मापं ताडून तो पूर्णांक सोडवायचा. सुटला की स्क्रीनवर 'फिक्स' येतं, नाही सुटला तर 'फ्लोट'. पहिल्यांदा 'फिक्स' आलेलं बघितलं तेव्हा मी शाळकरी पोरासारखा खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

पण ब्रोशरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात पूर्ण वाक्य असतं: ८ मिमी + १ पीपीएम. म्हणजे बेसपासून दर किलोमीटरमागे आणखी एक मिलिमीटर धरा. आणि हे सगळं बेसच्या मानानं. बेसचीच जागा एक मीटरनं चुकीची धरली असेल, तर अख्खा नकाशा अतिशय अचूकपणे एक मीटर सरकतो.

चहाच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त, आयुष्यभर भूकरमापक. मराठी ऐकून थांबले. मी उत्साहानं त्या आठ मिलिमीटरची कथा लावली. त्यांनी बिस्किट बुडवत शांतपणे विचारलं, "ते ठीक आहे हो साहेब. पण सेंटिमीटर कशापासून?"

मी म्हणालो, बेसपासून, आणि आता तर सर्व्हे ऑफ इंडियाची कायमची कॉर्स केंद्रं आहेत, म्हणजे बेस चुकायचा प्रश्नच मिटला. ते हसले. "बेस आकाशातला झाला. टिपण जमिनीवरचं आहे."

तेव्हा मला हे नीट कळलं नव्हतं. कळलं ते जानेवारी २०२५ मध्ये, काकांच्या शेताची मोजणी झाली तेव्हा.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. हा तालुका या विषयात ऐतिहासिक बरं का! प्रिंगल साहेबाची आधीची पद्धत फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास नव्यानं सर्व्हे सुरू केला तो इथूनच. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची घडी त्यातून बसली. त्या जुन्या मोजणीचं साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. साखळीचे सोळा आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. शेताच्या मधून एक सरळ रेघ धरायची, तिच्यावरून काटकोनात लंब काढून बांधाचे कोपरे गाठायचे आणि ती मापं साखळी-आण्यांत टिपणावर लिहायची. उन्हातान्हात, काट्याकुट्यातून ज्या लोकांनी हे केलं त्यांना दंडवतच घालायला पाहिजे. पण माप आण्यांतलं ते आण्यांतलंच.

काकांचा आणि शेजारच्या भावकीचा बांध सुमारे १८० मीटर लांब. हिशोब करून बघा. एक आणा इकडचा तिकडे झाला तर एक गुंठ्याहून जास्त जमीन या सातबाऱ्यावरून त्या सातबाऱ्यावर. त्यावरून दोन घरांचं बोलणं अकरा वर्षं बंद.

ऊस तुटल्यावर भूकरमापक आले. नोटिसा निघालेल्या, दोन्हीकडची माणसं हजर. काकूनं मात्र दोन्ही बाजूंना चहा दिला. रोव्हरनं आधी वहिवाट मोजली, म्हणजे आज प्रत्यक्ष जो बांध आहे तो. एकेक बिंदू काही सेकंदांत. हैदराबादच्या स्टॉलवरच्या मुलाला अभिमान वाटला असता. काकांनी मला बाजूला घेतलं. "तुमचं ते मशीन कुणाच्या बाजूनं आहे रे?"

मग टिपण बसवायची वेळ आली आणि सगळी दुपार त्यातच गेली. टिपणातल्या खुणा तीन: जुनी विहीर, शिवेचा दगड आणि एक आंबा. आंबा कधीच गेला. विहीर जागेवर. दगडही होता, पण काका म्हणाले, चारी खोदताना तो जेसीबीनं हलवला. शेजारी म्हणाले, मुळीच नाही. विहिरीवरून बसवलं तर हद्द एकीकडे, दगडावरून बसवलं तर दोन फूट दुसरीकडे. दोन्ही रेघा तितक्याच 'फिक्स'.

भूकरमापक तिशीचा असेल. कुणाशी वाद न घालता तो सरळ पलीकडच्या शेतांत चालत गेला. चार गट सोडून दोन जुने दगड आणि एक वाद नसलेला बांध मोजून आला, आणि टिपण या सगळ्यांवर मिळून बसवलं. आम्ही याला लीस्ट स्क्वेअर्स म्हणतो. तो म्हणाला, "सगळ्या गटाला बसवून बघितलं." हद्द विहिरीच्या रेघेपासून साधारण फूटभर सरकली. फक्की पडली, खुणा झाल्या, जबाब झाले. शेजाऱ्यांना मान्य नाही. त्यांनी निमताना मोजणीचा अर्ज केला आहे.

त्यानंतर प्रदर्शनात गेलो की मी स्टॉलवर एकच विचारतो: दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं आण्यांतलं टिपण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवता? ड्रोन, लायडार, एआय सगळ्यांवर तयार उत्तरं मिळतात. यावर मात्र "ते कस्टमायझेशन होईल सर" असं म्हणून व्हिजिटिंग कार्ड हातात ठेवतात. माझ्या मते सगळ्यात अवघड आणि सगळ्यात विकाऊ काम हेच आहे, आणि त्याचा स्टॉल मला अजून दिसलेला नाही.

आमच्याकडे तरी काय वेगळं! मी ऑफिसात सुचवलं की जुन्या टिपणावरून आलेली हद्द एका रेघेनं दाखवूच नये, जेवढी अनिश्चितता तेवढ्या रुंदीचा पट्टा दाखवावा. आमचे साहेब म्हणाले, "कस्टमरला रेघ पाहिजे असते, पट्टा नको." त्यांचंही चूक नाही. पट्टा बघून कोर्ट काय करणार, बँक काय करणार? पण रेघेची जाडी स्क्रीनवर एक पिक्सेल आणि शेतात दोन फूट, हे कुणीतरी सांगायला नको का?

शेवटी दोन शनिवार-रविवार बसून मी तो पट्टा स्वतःच काढला आणि काकांना व्हॉट्सअ‍ॅप केला. हिरवं शेत, पिवळं शेत, मधे दोन फुटांची करडी पट्टी. अर्ध्या तासानं फोन आला.

"चित्र झकास आलंय," काका म्हणाले. "ही करडी पट्टी कुणाच्या सातबाऱ्यावर?"